घंटांचा जुना म्युझिक बॉक्स: आधी फणी, मग घंटा

1796 मध्ये जिनिव्हाचा घड्याळजी आंत्वान फाव्र याने तिथल्या कलासंस्थेपुढे एक नवी युक्ती मांडली: घंटा आणि हातोड्या न वापरता वाजणारं यंत्र. तोपर्यंत खिशातल्या घड्याळात सूर हवा असेल तर इवल्या घंटा बसवाव्या लागत. त्या जागा खात आणि घड्याळ जाडजूड होई. फाव्रने त्यांच्या जागी पोलादाचे लवचीक दात आणले आणि त्यातूनच म्युझिक बॉक्सचा धंदा उभा राहिला. गंमत अशी की पन्नासेक वर्षांनी जिनिव्हा आणि सेंत-क्रोआ या स्विस गावातल्या कारागिरांनी घालवलेल्या घंटा पुन्हा आणल्या. आधी त्या यंत्राखाली दडवलेल्या असत. पुढे, विशेषतः 1870 ते 1890 च्या सुमारास, त्या झाकण उघडताच दिसाव्यात अशा समोर आल्या आणि त्यांच्यावर मधमाश्या, फुलपाखरं, पक्षी, चिनी पोशाखातले बाहुले टोले देऊ लागले.

दुरुस्ती करणाऱ्याने हा क्रम डोक्यात ठेवावा. या यंत्रात गाणं फणी, म्हणजे पोलादी दातांची ओळ, गाते, घंटा साथीला आहेत. बॉक्स बेसूर, अडखळत किंवा खरखरत वाजत असेल तर दोष बहुधा फणीत, सिलिंडरमध्ये किंवा वेग सांभाळणाऱ्या पंख्यात असतो. तरी लोकांचा हात आधी घंटांकडे जातो, कारण त्या दिसतात आणि चकाकवता येतात.

(आपल्याकडे ‘पेटी’ म्हटलं की हार्मोनियम डोळ्यांपुढे येते, म्हणून इथे सगळीकडे ‘बॉक्स’च म्हटलं आहे.)

आत काय असतं

पितळी सिलिंडरवर हजारो बारीक पोलादी पिना असतात. सिलिंडर फिरताना पीन फणीचा दात उचलते आणि सोडते, त्यातून सूर निघतो. एका फेऱ्यात एक गाणं, साधारण मिनिटभराचं. गाणं संपलं की सिलिंडर अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर बाजूला सरकतो आणि पुढच्या गाण्याच्या पिना दातांच्या टोकांसमोर येतात. आठ गाण्यांच्या बॉक्समध्ये आठही गाण्यांच्या पिना एकाच सिलिंडरवर शेजारी शेजारी दाटीने बसवलेल्या असतात.

सिलिंडर पोकळ असतो. आत राळेचा लगदा ओतून तो भिंतीला थापलेला असतो आणि पिनांची आतली टोकं त्यात घट्ट रुतलेली असतात. खर्जाच्या दातांना खालून शिशाची वजनं असतात. त्याच दातांखाली केसासारख्या पोलादी तारेचे डॅम्पर असतात, तर वरच्या सुरांच्या दातांना कोंबडीच्या पिसाच्या पट्ट्यांचे. दात कंप पावत असताना पुढची पीन त्याला टेकली तर चिरकल्यासारखा आवाज येतो. तो येऊ नये म्हणून पीन पोचण्याआधी डॅम्पर दाताला शांत करतो.

घंटांसाठी सिलिंडरचा एक पट्टा वेगळा राखलेला असतो. तिथल्या पिना गाणाऱ्या दातांऐवजी तरफा उचलतात. बहुतेक बॉक्समध्ये तरफ उचलली की हातोडी मागे खेचली जाते आणि तरफ पिनेवरून सुटली की स्प्रिंगच्या जोरावर टोला पडतो. घंटा तीन, सहा किंवा नऊ असतात, क्वचित जास्त. त्या बशीसारख्या उथळ असून एकाच खांबावर मोठीवर छोटी अशा चढवलेल्या किंवा ओळीने मांडलेल्या असतात. धातू म्हणजे घंटेचं कासं, ढोबळमानाने 78 टक्के तांबं आणि 22 टक्के कथील. इतक्या कथिलामुळे नाद छान येतो, पण धातू ठिसूळ होतो. हातातून फरशीवर पडलेली घंटा बऱ्याचदा पोचा न येता तडकते.

या रचनेची एक किंमत मोजावी लागते. सिलिंडरची जेवढी रुंदी घंटांना गेली तेवढी फणीकडून कमी झाली, म्हणजे दात कमी आणि वादनाची भरघोसता कमी. शिवाय सहा घंटांचे सूर ठरलेले, तर आठ गाणी वेगवेगळ्या स्वरांत बांधलेली. म्हणून एखाद्या गाण्यात घंटा खुलतात आणि दुसऱ्यात दोनचारदाच वाजून गप्प बसतात. हा बिघाड नव्हे. ढोल आणि खडखडणारे लाकडी ठोकेही असतील तर फणीची जागा आणखी कमी होते. जास्त घंटा म्हणजे चांगला बॉक्स हे विकणाऱ्याचं गणित आहे. लांब सिलिंडर, शाबूत फणी आणि तीनच घंटा असलेला बॉक्स ऐकायला बहुतेकदा सरस ठरतो.

विकत घेण्याआधी किंवा माळ्यावरून काढल्यावर

वारशात आलेला असो की मुंबईच्या चोरबाजारात दिसलेला, किल्ली किंवा दांडा लगेच फिरवू नये. आधी टॉर्च आणि भिंग घेऊन पुढचं पाहावं.

फणीचे सगळे दात मोजा. तुटलेला दात दिसतोच, पण फक्त टोक गेलेला दात पटकन लक्षात येत नाही. टोकांची ओळ एका रेषेत आहे का ते बाजूने पाहा. शेजारशेजारचे दहाबारा दात एकदम गेलेले असतील आणि त्यांच्यासमोर सिलिंडरवर आडव्या झालेल्या पिनांचा पट्टा असेल, तर तो बॉक्स कधीतरी बेफाम पळालेला आहे. अशी दुरुस्ती बॉक्सच्या किमतीहून महाग पडू शकते.

सिलिंडरवरच्या पिना सगळ्या एकाच बाजूला किंचित कललेल्या असतात. ते मुद्दाम केलेलं असतं, त्या सरळ करू नयेत. एखादीच वेगळ्या दिशेला वाकलेली असेल तर तो दोष.

दातांखाली पांढरी भुकटी दिसली तर शिशाची वजनं गंजत आहेत. बंद लाकडी खोक्यातल्या आम्लयुक्त वाफांनी आणि दमटपणाने हे होतं. फुगलेलं शिसं शेजारच्या दाताला टेकलं की दोन्ही सूर मरतात.

घंटांच्या बाजूला हातोड्या मोजा. घंटा सहा आणि हातोड्या पाच, असं वाटतं त्याहून जास्त वेळा आढळतं. फुलपाखरांचे रंग मूळचे आहेत का, की हल्लीच्या तैलरंगाने कुणी रंगवले आहेत, तेही पाहा. अधिक चिन्हाची खाच असलेला स्क्रू कुठे दिसला तर तो भाग 1930 च्या दशकानंतरचा, मग विकणारा काहीही वर्ष सांगो. जुन्या नमुन्यावर बेतलेले घंटांचे नवे बॉक्सही बाजारात असतात. ते वाईट नसतात, पण जुन्याच्या भावाने घेऊ नयेत.

इतकं ठीक दिसलं तर थोडीच चावी द्या आणि आधी घंटा बंद ठेवून एक अख्खं गाणं ऐका. समोरच्या कडेला घंटा चालू-बंद करण्याची छोटी दांडी असते. नुसती फणी सुरेल वाजली तर घंटांची बाजू नंतर जुळवता येते. उलट क्रमाने ऐकलं तर घंटांच्या किणकिणाटात फणीचे दोष लपतात. नेमका म्हणूनच काही विक्रेते घंटा चालू ठेवून बॉक्स ऐकवतात.

बेफाम पळणं

सगळं नुकसान घडवणारी गोष्ट एकच. स्प्रिंगची ताकद गिअरांतून शेवटी एका उभ्या वर्मपर्यंत (आटे पाडलेल्या बारीक दांड्यापर्यंत) जाते आणि वर्मच्या माथ्यावरचा छोटा पंखा हवा कापत वेग रोखून धरतो. चावी भरलेली असताना हा पंखा किंवा त्याची चौकट ढिली झाली, गिअरचा दात तुटला किंवा कुणी “फक्त साफ करायला” ती काढली, तर सिलिंडर सुसाट सुटतो. काही क्षणांत पिना आडव्या होतात आणि फणीचे दात तडातड उडतात. मग सांगण्यासारखं काही उरत नाही.

म्हणून पहिला नियम: ताकद शिल्लक असताना पंख्याच्या चौकटीचा एकही स्क्रू हलवायचा नाही.

बॉक्स वाजून थांबला म्हणजे स्प्रिंग रिकामी झाली असं नाही. बऱ्याच बॉक्सच्या स्प्रिंगडब्यावर माल्टीज क्रॉसच्या आकाराचं छोटं चाक असतं. ते स्प्रिंग फार भरू देत नाही आणि पूर्ण सुटूही देत नाही, त्यामुळे थांबलेल्या बॉक्समध्येही ताण उरतो. खात्री करायची तर स्प्रिंगनंतरचं मोठं चाक बोटाने हळूच मागेपुढे हलवून पाहा. खुळखुळ ढिलाई जाणवली तर ताण नाही. चाक घट्ट उभं असेल तर ताण आहे.

जाणकार कारागीर बॉक्स खोलतो तेव्हा आधी ताण काढतो, मग फणी आणि घंटांच्या तरफा उतरवतो आणि शेवटी पंख्याला हात लावतो. काही निसटलंच तर मोकळा सिलिंडर फिरतो, दात वाचतात. फणी उतरवणं, डॅम्पर बदलणं, सिलिंडरमध्ये राळ पुन्हा ओतणं, स्प्रिंगडबा उघडणं ही घरची कामं नव्हेत. घंटा जुळवायला यातलं काहीच काढावं लागत नाही.

घंटांची जुळणी

लागणारं साहित्य: दहापट भिंग, दोन बारीक चिमटे, स्क्रूच्या खाचेत अचूक बसणारा स्क्रूड्रायव्हर, लाकडी दातकोरणी, मऊ ब्रश, पातळ टिश्यू कागद, साधा झेरॉक्सचा कागद आणि नायट्राइलचे हातमोजे. घामातल्या मिठाचे ठसे पोलादावर गंज होऊन उमटतात, म्हणून मोजे टाळू नका.

1. बॉक्स गाण्याच्या शेवटी थांबवा. तिथे सिलिंडरवर पिना नसलेली आडवी पट्टी दातांसमोर येते आणि कुठलाही दात किंवा तरफ उचललेली राहत नाही. मधेच थांबलेल्या बॉक्सवर काम करू नका.

2. वरून, समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढा. प्रत्येक घंटेची जागा, स्क्रू आणि चकती टिपून ठेवा. घंटांची अदलाबदल हा नेहमीचा घोटाळा आहे. दोन मधल्या घंटा आकाराने जवळजवळ सारख्या असतात. त्या उलटसुलट बसल्या की प्रत्येक गाण्यात चुकीचा सूर लागतो आणि बिचारी फणी बदनाम होते.

3. घंटा बंद असताना एकही हातोडी किंवा तरफ सिलिंडरच्या वाटेत नसावी. असेल तर दोष चालू-बंद दांडीच्या सांध्यात शोधा. हातोडी वाकवून तो सुटत नाही.

4. घंटा चालू करून हातोडी आणि घंटेतली फट मोजा. झेरॉक्सचा कागद साधारण 0.1 मिलिमीटर जाड असतो. तीनदा घडी घातली की आठ पदर, म्हणजे 0.8 मिलिमीटर. निवांत असताना ही घडी हातोडीचं डोकं आणि घंटा यांच्यामध्ये अलगद सरकली पाहिजे. मोठ्या घंटेची कड जास्त हलते, तिला थोडी अधिक फट द्या. हातोडी घंटेला टेकून राहायची नसते. झेप घेऊन टोला द्यायचा आणि लगेच मागे यायचं, देवळातल्या घंटेचा लोलक टोला देऊन मागे येतो तसं.

5. एकेक तरफ दातकोरणीने उचलून सोडा. एकच स्वच्छ टोला आला पाहिजे. छर्र असा आवाज म्हणजे फट कमी. ठक्-ठक् असा दुहेरी टोला म्हणजे फट कमी किंवा स्प्रिंग शिथिल. काहीच आवाज नाही म्हणजे फट जास्त, किंवा सांध्यात वाळलेलं तेल.

6. फट बदलायची तर हातोडीची दांडी वाकवायची. एका चिमट्याने दांडी बुडाशी घट्ट धरा आणि दुसऱ्याने वरचा भाग केसभर हलवा. बूड न धरता वाकवलं तर ताण तरफेवर जातो, तरफेचं टोक सरकतं आणि टोला तालाच्या पुढेमागे पडू लागतो. ते पुन्हा जुळवणं फार किचकट आहे. तरफेच्या टोकाला कधीच हात लावू नये.

7. थोडीशी चावी देऊन एक गाणं ऐका. एकच घंटा सतत उशिरा येत असेल तर तिच्या तरफेचं टोक झिजलेलं असण्याचा संभव आहे. एखाद्याच गाण्यात एकाच जागी चुकत असेल तर तिथली पीन वाकलेली आहे. या दोन्ही गोष्टी कारागिराच्या.

एखादी घंटा ठक्क वाजते तेव्हा ती तडकली आहे असं लगेच धरू नका. आधी मधला स्क्रू पाव फेरा सैल करून ऐका. फार आवळलेला स्क्रू नाद दाबतो, आणि ठिसूळ धातूला मध्यावर तडा जाण्याचं तेही एक कारण. खाली चामड्याची चकती असेल आणि ती दगडासारखी झाली असेल तर तेवढ्याच जाडीची नवी घाला, नाहीतर हातोडीची उंची बदलते. तरीही नाद येत नसेल तर घंटा काढून भोकातून दोरा ओवून टांगा आणि पेन्सिलीच्या लाकडी टोकाने हलकेच वाजवा. चांगली घंटा सेकंदभराहून जास्त गुंजते, तडकलेली टुक् करून गप्प होते. तडा डाग देऊन सांधला जातो, पण नाद परत येत नाही. दुसरी घंटा शोधणं हाच मार्ग. शोधताना व्यासासोबत सूरही जुळला पाहिजे. मोबाइलवरचं सूर मोजणारं अॅप घंटेवर गोंधळतं, कारण घंटेत मूळ सुरासोबत न जुळणारे वरचे सूरही असतात. फणीचा तोच सूर देणारा दात ऐकून कानाने जुळवा.

आतल्या बाजूला किंवा कडेला कानशीचे ओरखडे दिसले तर घाबरू नका, मूळ कारागिराने सूर लावताना पाडलेल्या त्या खुणा आहेत. स्वतः मात्र कानस लावू नका. कड घासली की सूर चढतो, भिंत पातळ केली की उतरतो आणि गेलेला धातू परत येत नाही.

साफसफाई आणि तेल

देवघरातली घंटा आपण चिंच, लिंबू किंवा भुकटी लावून लख्ख करतो. इथे ते करायचं नाही. आम्ल कडांमध्ये मुरतं, भुकटी हातोडीच्या सांध्यात आणि तिथून वर्मपर्यंत जाते आणि पॉलिश पेपरसारखी सांधे घासत राहते. काही घंटांवर निकेलचा पातळ थर असतो, दोनचार घासण्यांत तो उडतो. कोरडा मऊ ब्रश आणि नंतर सुती कापड एवढं पुरतं. कास्याचा तपकिरी रंग राहू द्या. फुलपाखरांच्या आणि बाहुल्यांच्या रंगाला स्पिरिट लावू नका, रंग कापडावर येतो. फणीवरचा गंज पॉलिश पेपरने घासू नये. दाताच्या बुडाशी धातू कमी झाला की सूर उतरतो, टोकाशी कमी झाला की चढतो.

तेल घड्याळाचंच वापरा आणि सुईच्या टोकाने द्या. वर्मच्या वरच्या आणि खालच्या टेकूला एकेक थेंब, गिअरांच्या आसांना त्याहून कमी. घंटा, हातोडीचं डोकं आणि फणी कोरडी ठेवावी. पिसाच्या डॅम्परला तेल लागलं की तो चिकटून बसतो आणि दात गप्प होतो. घरात हमखास हाताशी असतं ते खोबरेल. ते थंडीत थिजतं आणि काही महिन्यांत चिकट होतं. त्याने जाम झालेला वर्म साफ करायचा तर पुन्हा सगळं यंत्र खोलावं लागतं. गंज सोडवणारे फवारे तर बॉक्सच्या आसपासही आणू नका.

तबकड्यांचे बॉक्स

1880 च्या दशकात लाइपझिगला पॉल लोखमनने सिम्फोनियन काढला. पाठोपाठ तिथेच पॉलिफोन आला आणि 1892 मध्ये अमेरिकेत रेजिना. यात सिलिंडरऐवजी धातूची तबकडी असते. तिच्या खालचे उंचवटे तारकाचाकं फिरवतात आणि चाकं दात छेडतात. घंटांच्या बॉक्समध्ये काही चाकं हातोड्या उडवतात. जुळणीची तत्त्वं वरचीच, फक्त तबकडी नेमकी त्याच नमुन्याची हवी. व्यास सारखा असला तरी घंटांशिवायच्या बॉक्सची तबकडी इथे घंटा वाजवेलच असं नाही. घंटा गप्प का, म्हणून हातोड्या वाकवण्याआधी तबकडी बदलून पाहा.

ठेवण आणि प्रवास

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हे यंत्र हवेतलं पाणी पितं. बॉक्स बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नका. आत सिलिका जेलची पुडी ठेवा, पण फणी आणि घंटांना न टेकता, आणि दर दोन आठवड्यांनी ती सुकवून परत घाला. महिन्यातून एकदा दोनतीन गाणी वाजवली की तेल जागचं हलत राहतं. वाजवून झाल्यावर चावी भरून ठेवू नका.

प्रवासाला निघताना बॉक्स गाण्याच्या शेवटी थांबवा, स्प्रिंग शक्य तितकी उतरवा, घंटा बंद करा आणि प्रत्येक हातोडी व घंटेमध्ये टिश्यूची पट्टी सरकवा. सिलिंडर आणि फणीमध्ये काहीही कोंबू नका. पोचल्यावर पट्ट्या मोजून काढा. एक आत राहिली आणि चावी दिली तर तरफ वाकते.

शंभर वर्षांहून जुना बॉक्स परदेशी राहणाऱ्या मुलाकडे पाठवायचा विचार असेल तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात चौकशी करा. 1972 च्या पुरावस्तू कायद्यामुळे इतक्या जुन्या कारागिरीच्या वस्तू खासगीरीत्या देशाबाहेर नेण्यावर बंदी आहे. वस्तू त्या व्याख्येत बसत नाही असा दाखला मिळाला तर विमानतळावरचा खोळंबा टळतो.